न जोडलेल्या हातांची जागा

घंटा झाली की जिल्हा परिषदेच्या शाळेपुढच्या पटांगणात रांगा लागतात, बुटकी मुलं पुढे, उंच मागे. सावधान-विश्राम होतं. राष्ट्रगीत होतं, आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीतही. मग प्रतिज्ञा. ती पैदीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली हे मुलांना ठाऊक नसतं, पण तिसरीच्या पुढे ती पाठ नसलेलं मूल शोधूनही सापडत नाही. मग संविधानाची उद्देशिका. चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी ‘धर्मनिरपेक्ष’ हा जड शब्द न अडखळता म्हणते, आणि तिनं वही मिटायच्या आत बाई सांगतात, ‘हात जोडा, डोळे मिटा.’ प्रार्थना सुरू होते.

त्या शब्दात आणि त्या सूचनेत अर्ध्या मिनिटाचंही अंतर नसतं. शाळा सरकारची आहे, मुलं सगळ्या घरांतली आहेत. हे जोडलेले हात कुणापुढे जोडलेले असतात? आणि सहा वर्षांच्या मुलाचे हात बाईंनी सांगितल्यामुळे जोडले गेले असतील, तर त्याला प्रार्थना म्हणायचं का?

हा प्रश्न न्यायालयात जितक्या वेळा विचारला गेला, तितका शाळेत विचारला जात नाही. शाळेत तो विचारायला सवडच नसते. जून ते एप्रिल दर महिन्याला काही ना काही ठेवलेलंच असतं. जूनमध्ये प्रवेशोत्सव, पहिलीच्या पोरांना फुलं देऊन, कधी बैलगाडीत बसवून आणतात. आषाढात दिंडी, त्यामागून गुरुपौर्णिमा. श्रावणात राख्या आणि दहीहंडी, भाद्रपदात शाडूचे गणपती, आश्विनात हादगा आणि पाटीपूजन. डिसेंबरात नाताळचा सांताक्लॉज आणि स्नेहसंमेलन, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराज, १४ एप्रिलला बाबासाहेब. इतिहासाच्या किंवा परिसर अभ्यासाच्या पुस्तकात धर्माबद्दल जेवढं लिहिलेलं असतं, त्याच्या कैक पटींनी जास्त धर्म मूल या वार्षिक नियोजनातून शिकतं. तो हातांनी, पायांनी, पोशाखानं, प्रसादानं शिकला जातो, म्हणून तो पक्का बसतो. आणि म्हणूनच तो कसा शिकवला जातो याची काळजी पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त घ्यायला हवी.

संविधानाचं म्हणणं यात स्पष्ट आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे जी शाळा संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत ते असलं, तरी कुणालाही त्यात किंवा तिथल्या उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. हे कलम घडलं ती संविधान सभेतली चर्चा ७ डिसेंबर १९४८ ची. सरकारी शाळांतून धर्म शिकवावा, निदान त्याला वाट मोकळी ठेवावी, असं मानणारे सदस्य त्या सभागृहात होते. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना धर्माला नावं ठेवली नाहीत. सगळ्यांच्या करातून उभा राहिलेला पैसा एखाद्या समाजाच्या धर्मशिक्षणावर खर्च करणं अन्यायाचं, हा त्यांचा एक मुद्दा होता. देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की सगळ्यांची सोय करणं राज्याला जमणारं नाही, हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यांत मार्मिक होता: आपलाच मार्ग मोक्षाचा, असं प्रत्येक धर्म सांगतो, हे सगळे दावे एकाच छपराखाली शिकवायला लागलं तर शाळेतली शांतता राहणार नाही. धर्मांचा अभ्यास करायला मात्र त्यांची हरकत नव्हती. धर्म शिकवणं आणि धर्मांविषयी शिकवणं यांतला हा फरक पुढे कोठारी आयोगानंही उचलून धरला.

कायद्याला जे दोन ओळींत सांगता येतं, ते पटांगणात इतकं सरळ राहत नाही. आषाढातल्या दिंडीचंच बघा.

दिंडीच्या दिवशी शाळा ओळखू येत नाही. काठाचं धोतर गुडघ्यापर्यंत आलेला दुसरीतला विठोबा, नऊवारीत अडखळणारी रखुमाई, डोक्यावर प्लॅस्टिकच्या कुंडीतली तुळस घेतलेल्या मुली, हातात टाळ, आणि कपाळावर बाईंनी स्वतः लावलेला बुक्का. हल्ली पालखीत ज्ञानेश्वरीबरोबर शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं ठेवतात. कुठे रोपं घेऊन वृक्षदिंडी निघते. दिंडी गावातून फिरते, दारात बायका पोरांच्या पायांवर पाणी घालतात, मारुतीच्या देवळापुढे फुगड्या होतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारं पोर इथे टाळ कुटताना बघून त्याचे आईबाप हरखतात. ज्यानं हे पाहिलं असेल त्याला ही दिंडी बंद करा असं म्हणवणार नाही. या लेखाचंही तसं म्हणणं नाही.

उलट, महाराष्ट्रातल्या मुलाला धर्माबद्दल काही शिकवायचं तर वारीइतकं भरलेलं उदाहरण मिळणार नाही. फक्त वारी पुरी सांगायला हवी. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते, हे दिंडीच्या दिवशी मुलांना सांगितलं जातं का? श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मुसलमान घरातले संत, त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, हे? चोखोबांना मंदिरात जाता आलं नाही, त्यांची समाधी नामदेव पायरीजवळ बाहेरच राहिली, हे? आणि त्या मंदिराचा दरवाजा सगळ्यांना उघडा व्हावा म्हणून मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसलेला माणूस एकेकाळी अमळनेरच्या शाळेत मास्तर होता, हे तर प्रत्येक शाळेनं सांगायला हवं. ज्या साने गुरुजींचं ‘खरा तो एकची धर्म’ हे गीत मुलं परिपाठात रोज म्हणतात, त्यांनी त्या ओळींमागे स्वतःचं पोट रिकामं ठेवलं होतं. रोज म्हटलेल्या गाण्याचा असा पुरावा मुलाला मिळाला तर त्याचे जोडलेले हात वेगळे असतील.

दिंडी पुरी सांगितली तरी एक मूल उरतंच. दिंडीत ते चालतं, नाचतं, पण बुक्का लावताना मान मागे घेतं. ते मुसलमान घरातलं असेल. आणि महाराष्ट्रात ते फार वेळा बौद्ध घरातलं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या आजीनं त्या दिवशी दीक्षाभूमीवर त्या प्रतिज्ञा घेतल्या, तिच्या पणतीला भाद्रपदात शाळेत गणपतीच्या आरतीला उभं केलं जातं तेव्हा काय होतं, याचा विचार नियोजन करताना कुणी केलेला नसतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो, आरती सगळ्यांना आवडते असं सगळ्यांना वाटतं, एवढंच. पण त्या घरानं गणपतीपुढे हात न जोडणं ही आपली श्रद्धा म्हणून स्वीकारलेली आहे. तिथे न जोडलेले हात हेच त्या मुलीचं धर्माचरण आहे.

इथेच या सगळ्याची कसोटी आहे असं म्हणावंसं वाटतं. शाळा धार्मिक बाबतीत न्यायाची आहे की नाही, हे तिनं किती धर्मांचे किती सण साजरे केले यावरून ठरत नाही. दिवाळीला दिवाळी, ईदला शीरखुर्मा, नाताळला केक असा हिशेब जुळवता येतो आणि तो चांगलाही आहे. तरी त्यात पारशी, जैन, लिंगायत, शीख, आदिवासी घरातलं आणि मुळीच देव न मानणाऱ्या घरातलं मूल कुठे बसवायचं हा प्रश्न राहतोच. जे मूल भाग घेणार नाही त्याला तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ओशाळं न होता उभं राहता येतं का, हे बघायला हवं. ज्याला येतं, ते मूल एक फार मोठी गोष्ट शिकलेलं असतं. आणि त्याच्या शेजारी हात जोडून उभं राहिलेलं मूल त्याहूनही मोठी.

सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व शाळकरी मुलांच्या निमित्तानं सांगितलं आहे. १९८५ मध्ये केरळात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या घरातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. दहावी, नववी आणि पाचवीतली ही मुलं राष्ट्रगीताला ताठ उभी राहत. गात मात्र नसत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते गाणं म्हणजे देवाखेरीज दुसऱ्याची उपासना होती. ११ ऑगस्ट १९८६ ला न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, गायलाच हवं असं नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. राष्ट्रगीताबद्दल जर हे खरं असेल, तर सरस्वतीस्तवनाबद्दल किंवा आरतीबद्दल ते किती तरी जास्त खरं असायला हवं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात तसंच ठरवलं: प्रार्थनेच्या वेळी त्यानं हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवता येणार नाही.

तो शिक्षक मोठा माणूस होता. वकील करू शकत होता, पगारासाठी भांडू शकत होता. दुसरीतल्या मुलाला ‘नाही’ म्हणता येत नाही. बाई म्हणजे त्याच्यासाठी शाळेचा देवच असतो. म्हणून संविधानात पालकांची संमती आली. पण संमती विचारणार कोण? सोयाबीन काढायला किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईला कुणी फोन करून विचारत नाही की तुमच्या लेकीनं आरती म्हटली तर चालेल का. ती शाळेत येते तेव्हा दाखल्यासाठी नाहीतर आधार कार्डासाठी.

सक्तीनं हात जोडायला लावण्यात नुकसान धर्माचंही आहे, आणि ते श्रद्धाळू माणसानं आधी ओळखायला हवं. महाराष्ट्रातल्या संतांनी दिखाऊ भक्तीवर जितके कोरडे ओढले तितके नास्तिकांनीही ओढले नसतील. मन नसताना फिरवलेली माळ, पोटासाठी लावलेला टिळा, लोकांना दाखवण्यासाठी केलेलं कीर्तन यांची त्यांनी गय केली नाही. वारीला कुणी हुकूम देऊन नेत नाही; पेरणी उरकून माणूस आपल्या पायांनी निघतो, म्हणून ती वारी. त्याच वारीची आठवण म्हणून शाळेत दिंडी काढायची आणि त्यात एखाद्या पोराला मानेला धरून बुक्का लावायचा, यात वारकरी परंपरेचीच बूज राहत नाही. जोतीराव फुल्यांनी देवाला निर्मिक म्हटलं, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला, आणि माणूस आणि त्याचा निर्मिक यांच्या मध्ये भटजी-मध्यस्थ नको हा आग्रह जन्मभर धरला. त्यांच्या विचाराच्या महाराष्ट्रात मध्यस्थाची ती जागा शाळेच्या मॉनिटरनं घेऊ नये.

आश्विनात हे सगळं आणखी दाट होतं. हस्त नक्षत्राच्या पावसात मुली हादगा किंवा भोंडला मांडतात. पाटावर खडूनं हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. यात पूजेपेक्षा खेळ जास्त आहे, सासर-माहेरची गाणी आहेत, आणि ज्या शाळा तो अजून टिकवून आहेत त्यांचे आभार मानायला हवेत. मग दसऱ्याच्या आधी पाटीपूजन. पाटीवर पेन्सिलीनं एकाचा आकडा ओळीनं मांडत मांडत सरस्वती काढायची ही इथली जुनी रीत. आकड्यांमधून देवी उभी राहते. ज्याला नुकता ‘१’ काढता येऊ लागला आहे, त्याच्या हातून देवीचं चित्र उमटतं, हे सुंदर आहे. त्यावर हळदकुंकू आणि आपट्याची पानं वाहिली जातात.

या पाटीजवळ महाराष्ट्रात एक खरा वाद उभा आहे. २०२२ मध्ये छगन भुजबळ यांनी शाळांत सरस्वतीऐवजी सावित्रीबाई, जोतीराव, शाहू महाराज, आंबेडकर यांच्या तसबिरी असाव्यात असं म्हटलं तेव्हा बरीच आगपाखड झाली. पण प्रश्न जुना आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्या जातींच्या मुलींना सरस्वतीच्या नावानं चालणाऱ्या विद्येपासून शतकानुशतकं दूर ठेवलं गेलं, त्यांना पाटी मिळाली ती १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात भरलेल्या शाळेपासूनच्या झगड्यामुळे. त्या घरातल्या मुलीनं पाटीवर कुणाला काढावं? हे तिनं आणि तिच्या घरानं ठरवावं, असं उत्तर देणारी शाळा असू शकते. तिथे एकीच्या पाटीवर एकांची सरस्वती असेल, शेजारणीच्या पाटीवर कपाळावर आडवं कुंकू असलेली सावित्रीबाई, आणि तिसरीनं नुसती वेल काढली असेल. काही गावांत शिक्षक आपण होऊन असं करतातही. त्यासाठी परिपत्रक लागत नाही. फक्त त्या तीन पाट्यांपैकी कुठली एक बाहेर ठेवायची नाही एवढं पथ्य लागतं.

देवाधर्माचा प्रश्न शाळेत रोज दुपारी ताटातही येतो. दुपारच्या खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, ती कुणाच्या हातची आहे, हे प्रश्न या देशात धार्मिकच होते. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणं हे बंडच होतं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि २००४ मध्ये स्वयंपाकी म्हणून दलित, आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. त्या आदेशाचा धर्माशी काय संबंध, असं विचारणाऱ्यानं गावातली जुनी पाणवठ्याची वाट आठवावी.

नंतर अंडं आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि जे मूल अंडं खात नाही त्याला केळं. ही योजना या लेखात वर मांडलेल्या कसोटीला पुरेपूर उतरणारी होती. एकाच पंगतीत एकाच्या ताटात अंडं, दुसऱ्याच्या ताटात केळं, आणि दोघांचं पोट भरलेलं. मुलाला दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल आदर शिकवायला यापेक्षा साधा धडा कुठून आणायचा? पण काही धार्मिक मंडळींचा विरोध झाला; मग चाळीस टक्के पालक नको म्हणत असतील तर त्या शाळेत अंडं शिजवू नये असं ठरलं; आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधीच थांबवला गेला. ज्याला केळं हवं होतं त्याला आधीच केळं मिळत होतं. त्याच्या ताटातलं काही वाढलं नाही, शेजारच्या ताटातलं कमी झालं. ज्या घरात महिनोन्‌महिने अंडं येत नाही, त्या घरातल्या मुलाचं ते ताट होतं. याचं दुःख वाटायला हवं.

दरवर्षी पाचवीच्या वर्गात सहज करता येईल असा एक उपक्रम आहे, आणि तो धर्मांविषयी शिकण्याचा उत्तम नमुना ठरेल. २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. गावोगावच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न देता ती पुढे ढकलली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईत ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली गेली. हे दोन योग का आले? हिजरी वर्ष चंद्राच्या बारा महिन्यांचं, साधारण ३५४ दिवसांचं; म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. आपले मराठी महिनेही चंद्राचेच. पण मागे पडलेले दिवस अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना टाकून भरून काढतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच राहते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. चंद्र एकच, मोजायच्या रीती दोन. पाचवीतली मुलं फळ्यावर हा तक्ता काढू शकतात, भागाकार करू शकतात, आणि आपले सण कधी पुन्हा एकत्र येतील ते शोधू शकतात. कुणालाही हात जोडावे लागत नाहीत, कुणाचाही सण लहान होत नाही. गुरुपौर्णिमेचंही तसंच: ज्या आषाढी पौर्णिमेला शाळेत व्यासपूजा सांगितली जाते, तीच बौद्धांसाठी सारनाथच्या पहिल्या उपदेशाची पौर्णिमा. बाईंना बोधकथेसाठी दोन गोष्टी मिळतात.

प्रार्थनेचं मात्र काय करायचं? ती काढून टाकायची, असं सांगणं सोपं आहे आणि ते या लेखकाला पटत नाही. दिवसाच्या सुरुवातीला मुलांनी एकत्र गावं, आपल्याहून मोठ्या कशाशी तरी आपलं मन जोडावं, ही गरज खरी आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविरुद्धची याचिका २०१९ च्या जानेवारीत न्या. नरिमन आणि न्या. सरन यांच्यापुढून घटनापीठाकडे गेली. उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची विनवणी ही धार्मिक म्हणायची की सर्वांची, हा त्यातला पेच आहे. तो न्यायालयात सुटेल तेव्हा सुटेल. पण एक वाट आधीच सुचवून ठेवलेली आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं शिक्षणसंस्थांचा दिवस काही मिनिटांच्या मौन चिंतनानं सुरू व्हावा असं म्हटलं. १९५९ मध्ये केंद्रानं धार्मिक आणि नैतिक शिक्षणाचा विचार करायला श्रीप्रकाश समिती नेमली, तिचा कलही मौनाकडेच होता. हे श्रीप्रकाश तेव्हा मुंबई राज्याचे राज्यपाल होते आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. विनोबांच्या पदयात्रेत हजारो माणसं एकत्र मौन प्रार्थना करत. त्यात कुणाचा देव आणि कुणाची भाषा हा प्रश्नच उरत नसे.

आजही अनेक शाळांच्या परिपाठात ‘मौन’ हा घटक आहे. कागदावर आहे. प्रत्यक्षात पसायदान होतं, ‘डोळे मिटा’ म्हटलं जातं, आणि वीस सेकंदांत ‘उघडा’. हजेरी घ्यायची असते, तांदळाची नोंद ऑनलाइन भरायची असते. ते मौन दोन मिनिटांचं केलं, आणि मुलांना सांगितलं की यात ज्याला देव आठवायचा त्यानं देव, ज्याला आई आठवायची त्यानं आई, आणि ज्याला काहीच नको त्यानं स्वतःचा श्वास, तर परिपाठातली ही एकच गोष्ट अशी असेल की जी कुठल्याही मुलाला वगळत नाही. गाणी त्याच्या आधी म्हणावीत, साने गुरुजींचं, पसायदान, ‘अंकुश’ चित्रपटातलं ‘इतनी शक्ति हमें देना दाता’, जे गावाला आवडेल ते. हात जोडायची सूचना तेवढी नको. ज्याचे जोडले जातील त्याचे जोडले जावेत.

हे ठरवायची जागा मंत्रालय नाही, ती शाळेतच आहे. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांतले पालक त्यांच्या प्रमाणात असावेत असं बंधन आहे. म्हणजे ज्या घरांना आरती चालत नाही, ज्यांना अंडं हवं आहे, ज्यांना सरस्वती हवी आहे आणि ज्यांना सावित्री, ती सगळी घरं त्या सतरंजीवर बसू शकतात. बैठकीत गळकं छत, मुलींचं स्वच्छतागृह, गणवेशाचं कापड हे विषय येतात, आणि ते यायलाच हवेत. परिपाठ आणि वर्षभराचे सण विषयपत्रिकेवर सहसा येत नाहीत, कारण ते ठरलेलेच आहेत असं सगळ्यांना वाटतं. जूनच्या पहिल्या बैठकीत मुख्याध्यापकांनी तो विषय मांडावा आणि प्रत्येक पालकाला, विशेषतः जे गप्प बसतात त्यांना, थेट विचारावं: आमच्या या यादीत असं काय आहे, जे तुमच्या घरात होत नाही?